दीड सुताने आटलेले महाराज

आमच्या घरात पट्टी एकच होती, आणि लहानपणी मला वाटायचं की ती खोटी आहे.

वडील पिंपरीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंड किंवा पितळ ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना घडवणारा सुतार, म्हणजे पॅटर्नमेकर. मी सहावीत असताना त्या फाउंड्रीला टाळं लागलं. वर्षभर पगार नाही. वडील लोकांच्या खाटा आणि पाट दुरुस्त करत फिरायचे, आई दोन घरच्या भाकऱ्या थापायला जायची. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच जण. कंपासपेटी मागायची माझी हिंमत नव्हती, म्हणून वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतली स्टीलची पट्टी उचलून मी शाळेत नेली.

भूमितीच्या सरांनी दहा सेंटीमीटरची रेघ काढायला सांगितली. माझी रेघ दीड मिलिमीटर जास्त भरली. दुसरीही तशीच, तिसरीही. सरांनी दोन छड्या दिल्या आणि वर म्हणाले, "साधी पट्टी धरता येत नाही, पुढं काय दिवे लावणार?" मी घरी येऊन पट्टी कोपऱ्यात भिरकावली.

वडिलांनी ती उचलून धोतराला पुसली. म्हणाले, "ही पॅटर्नची पट्टी आहे. हिचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा दीड सूत मोठा. आठ सुतांचा एक इंच. पितळ वितळलेलं असताना फुगलेलं असतं, थंड झालं की आटतं. फुटाला दीड सूत आटतं. म्हणून आम्ही नमुना आधीच तेवढा मोठा करतो. पट्टी खोटी नाही रे, ती पुढचं बघून बोलते."

पुढे मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. बी.ए. झालो, परीक्षा दिली, पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागलो. वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीतली फक्त ती पट्टी मी मागून घेतली. बदली होईल तिथल्या टेबलाच्या खणात ती माझ्याबरोबर असायची. हे सगळं आधी सांगितलं, कारण निगडीच्या देरासरातलं प्रकरण त्या पट्टीनं उलगडलं. खात्यात किती कागद हाताखालून गेले, बहुतेक विसरलो. हे एक विसरता येत नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. सगळी माणसं हयात आहेत, आणि चांगली आहेत.

मी तेव्हा निगडीच्या बाजूला एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे चार प्रतिष्ठित गृहस्थ आणि त्यांच्या मागे, चपला दाराबाहेर काढून आलेला, पांढऱ्या धोतरातला एक पन्नाशीचा माणूस उभा होता. पोलीस ठाण्यात चपला काढून आत येणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

चौघे निगडीच्या प्राधिकरण भागातल्या एका जैन देरासराचे विश्वस्त होते. देरासर म्हणजे त्यांचं मंदिर. धोतरवाला तिथला पुजारी. मूळचा राजस्थानचा, जातीनं जैन नाही, पण वीस वर्षं तिथल्या मूर्तींची सेवा करणारा. तक्रार अशी होती की देरासरातली गुरुमूर्ती, म्हणजे त्यांच्या परंपरेतल्या एका जुन्या आचार्यांची फूटभर उंचीची धातूची मूर्ती, कुणीतरी बदलली आहे. जागेवर दुसरीच मूर्ती बसवली आहे.

"कुणाच्या लक्षात आलं?" मी विचारलं.

"ह्याच्याच," अध्यक्षांनी पुजाऱ्याकडे बोट केलं. "आणि म्हणूनच आमचा संशय ह्याच्यावर आहे. गाभाऱ्याची किल्ली ह्याच्याकडे. ह्यानंच मूर्ती विकली, तिच्या जागी नक्कल ठेवली, आणि आता पकडले जाऊ म्हणून आधीच आरडाओरडा केला."

"मूर्ती बदलली आहे हे तुम्हाला दिसतंय का?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "पॉलिश झाल्यापासून ती नव्यासारखीच दिसते हो. आम्ही लांबून दर्शन घेतो. पण हा म्हणतो, आणि चांदीची आंगी सैल होते, हे खरं आहे." सणाला मूर्तीवर चढवतात ते चांदीचं आवरण म्हणजे आंगी.

चौथे विश्वस्त, चाकणला पितळेच्या व्हॉल्व्हचे भाग ओतण्याचा कारखाना असलेले, काहीच बोलले नाहीत. रुमालानं चष्मा पुसत राहिले. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. ती माझी पहिली चूक.

फिर्याद घेतली. नोकराने केलेली चोरी, असा गुन्हा नोंदवला. विश्वस्तांनी त्याच दिवशी पुजाऱ्याकडून किल्ली काढून घेतली आणि देरासरामागची खोलीही रिकामी करायला लावली. तो गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाच्या किराणा दुकानात गोण्यांशेजारी राहू लागला.

त्याच आठवड्यात खबर आली की एका भंगारवाल्याकडे पितळेची मूर्ती विकायला आली होती. आमचं पथक पळत गेलं. मूर्ती नव्हतीच, समई निघाली. तरीही मी पुजाऱ्याला बोलावून आवाज चढवला. खरं ते सांगतो. माझाही संशय त्याच्यावरच होता. जो आधी ओरडतो तो बरेचदा आत गुंतलेला असतो, हे नोकरीनं शिकवलं होतं.

"मूर्ती बदलली हे एवढ्या लोकांत तुला एकट्यालाच कसं कळलं?"

तो माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाला, "साब, तुम्हाला लेकरं आहेत?"

"प्रश्न मी विचारतोय."

"वीस वर्षं रोज सकाळी मी महाराजसाहेबांना आंघोळ घालतो. दूध, पाणी, मग मऊ कपड्यानं पुसायचं. रोज लेकराला आंघोळ घालणाऱ्या आईला लेकरू बदललेलं कळणार नाही का?"

आमचे हवालदार शेजारी बसून जबाब लिहीत होते. जुन्या गावठाणातले, चार एकरांवर सोसायट्या उभ्या राहिल्या तरी ड्युटीवर सायकलनं येणारे. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "सायेब, ह्यो बोलतोय त्ये खोटं न्हाई वाटत. पर कागदावर काय लिव्हू, लेकरू बदललं?"

तेव्हा मला एक सुचलं. मी पुजाऱ्याला म्हणालो, "डोळे मीट. समज, तुझे महाराज ह्या टेबलावर बसलेत. आंघोळ घाल."

तो बिचकला. मग उठून हात धुऊन आला, डोळे मिटले आणि हवेत हात चालवू लागला. आधी मस्तक, मग मानेमागचा भाग, कानामागून फिरून खांदे. डाव्या कानामागे अंगठा थांबला. "इथं खळगा आहे." डाव्या गुडघ्याखाली बोट आत वळलं. "इथं ओतीव कामाचं छोटं छिद्र. पाणी राहतं, कपड्याची वात करून काढावं लागतं." शेवटी उजव्या पायाचा अंगठा. त्यावर तो बराच वेळ थांबला. "हा नाही. म्हणजे झिजून सपाट. पूजा इथूनच सुरू होते ना साब. चंदन-केशराचं बोट पहिलं अंगठ्याला. किती वर्षांची बोटं झाली."

मी टिपून घेतलं. दोन दिवसांनी परत बोलावून पुन्हा हवेत आंघोळ घालायला लावली. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी एक तर काही विसरतो, नाहीतर काही वाढवतो. हा तसूभर हलला नाही. अंगठा त्याच ठिकाणी थांबला.

मग मी, पुजारी आणि हवालदार देरासरात गेलो. मी असल्या मूर्ती आयुष्यात नीट बघितल्या नव्हत्या. मला सगळ्या सारख्याच वाटायच्या. पुजाऱ्यानं समजावलं. मधली मोठी मूर्ती तीर्थंकरांची, ती ध्यानात. हातात काही नाही, अंगावर काही नाही. कोणते तीर्थंकर ते बैठकीवर कोरलेल्या चिन्हावरून ओळखायचं, बैल, सिंह, नाग. बाजूच्या कोनाड्यातली मूर्ती गुरूंची. गुरू म्हणजे आपल्यासारखं हाडामांसाचं माणूस, म्हणून कारागिरानं त्यांना त्यांचं सामान दिलंय. काखेत ओघा, म्हणजे बसताना जीवजंतू चिरडू नयेत म्हणून जागा झाडायचा लोकरीचा मऊ झाडू. एका हातात मुहपत्ती, बोलताना तोंडापुढे धरायचं फडकं. दुसरा हात शिकवताना उठतो तसा अर्धवट वर. पायाशी हात जोडून बसलेला बोटाएवढा शिष्य.

हवालदार म्हणाले, "म्हंजी तीर्थंकर गप हायेत, आन गुरू बोलत्यात. असंच ना?"

पुजाऱ्याचा चेहरा उजळला. "बराबर, काका. म्हणून तर सांगतोय. पहिले महाराजसाहेब बोलत होते. आता गप्प झालेत. ओठ बघा."

मी पाहिलं. मूर्तीचे ओठ मिटलेले होते, मधली रेघ धारदार. सुबक काम. नाक तरतरीत, डोळ्यांच्या कडा स्पष्ट. उजवा अंगठा पूर्ण, गोल. डाव्या कानामागे खळगा नव्हता. गुडघ्याखाली छिद्र नव्हतं. पण तरीही हे सगळं एका माणसाचं म्हणणं होतं. न्यायालयात हवेतली आंघोळ चालत नाही.

मूर्ती संगमरवराच्या बैठकीत खोदलेल्या खाचेत बसवलेली होती. मी वाकून पाहिलं. मूर्तीभोवती चारी बाजूंनी नख जाईल एवढी फट होती. पुजाऱ्यानं हलू नये म्हणून कापूस कोंबला होता.

"ही फट आधी होती?"

"नाही साब. बसवताना दम लागायचा, एवढी घट्ट बसायची."

अध्यक्ष मागे उभे होते. ते म्हणाले, "रोजच्या धुण्यानं खाच मोठी झाली असेल."

हवालदार त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "धुण्यानं दगुड वाढत असता तर माझी न्हाणी आतापत्तुर तालीम झाली असती."

मी हसलो नाही, कारण माझं लक्ष फटीवर होतं. चारी बाजूंनी सारखी. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी, असं नाही. आंगी घडवणारा चांदीचा कारागीर चिंचवडला होता. जुने कारागीर पुठ्ठ्यावर माप उतरवून ठेवतात, परत काम आलं तर लागतं म्हणून. त्यानं माळ्यावरून पुठ्ठा काढून दिला. मूर्तीची उंची, तिच्या धातूच्या बैठकीसकट, बरोबर बारा इंच. शेजारी खांद्यांचं, गुडघ्यांचं माप.

पुठ्ठा घेऊन मी ठाण्यात आलो, मूर्ती पंचांसमक्ष जप्त करून आणलेली होतीच. साधी पट्टी लावली. बारा इंचांना दीड सूत कमी. खांदेही त्याच प्रमाणात कमी, गुडघेही. मी खण उघडला. वडिलांची पट्टी काढून मूर्तीशेजारी उभी धरली. फुटाला दीड सूत, वडिलांनी सांगितलेलं तेच. सहावीतल्या त्या दोन छड्या हाताला जाणवल्या.

बघून घडवलेली नक्कल कुठं जाड होते, कुठं बारीक. ही सगळीकडून सारखी लहान होती. याचा अर्थ एकच. मूळ मूर्तीच वाळूत दाबून साचा घेतला होता, आणि त्यात पितळ ओतलं होतं. वाढीव पट्टीचा नमुना नव्हता, म्हणून ओतलेले महाराज दीड सूत आटले. म्हणजे मूळ मूर्ती एकदा तरी फाउंड्रीत गेली होती. मग देरासराबाहेर ती कधी गेली होती? रजिस्टरमध्ये एकच नोंद. वार्षिक उत्सवाआधी पॉलिशसाठी चार दिवस, चौथ्या विश्वस्तांच्या चाकणच्या कारखान्यात. फुकट करून देतो म्हणाले होते.

पुजाऱ्याकडे किल्ली होती. फाउंड्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टलाच आम्ही चाकणला गेलो. मालक पुण्याला कामानिमित्त गेले होते. मी मुद्दामच मालकाला न कळवता गेलो होतो. फिनिशिंगच्या टेबलावर शेजारच्या गावचा एक चाळिशीचा माणूस कानस चालवत होता. घरची शेती आणि कारखाना, दोन्ही करणारा. मी वर्दीत होतो तरी तो घाबरला नाही. मूर्तीचा फोटो दाखवला तर खूशच झाला.

"व्हय की, म्याच केलीय! कशी उतरलीय, सांगा सायेब."

"सुरेख. सगळं सांग बरं."

"मालकांनी जुनी मूर्ती आणली. म्हणले, हिच्यावरनं आणिक एक वत. एक देवळाला जायाची, एक घरी, त्यांच्या आईला. आमी साचा घेतला, वतली. पर भावा, जुना पीस म्हंजी निव्वळ रिजेक्शन! अंगठाच न्हाई. कानामागं खड्डा. गुडघ्याखाली ब्लोहोल. व्हटांमदी फट राहिलेली, जणू कायतरी बोलायला लागलेत. साच्यात त्योच माल उतरला. मग म्या नव्या पीसला अंगठा ब्रेझिंगनं, पितळ वितळवून भरला, व्हट बुजवून नवी रेघ मारली, नाक-डोळं काढलं. तीन दिस लागलं असतं, दोन दिसांत केलं, ओव्हरटाइम करून."

"आणि मग?"

"मग काय, दोन्ही पीस पॉलिश केलं. मालक कस्टमरच्या ऑडिटला गेलते. डायवर आला, इचारलं, देवळाचा कंचा? आता तुमीच सांगा सायेब, देवळाला माणूस चांगलाच पीस दील का रिजेक्ट? म्या चांगल्याला ओकेचं स्टिकर लावलं आन देवळाला पाठवला. खराब व्हता त्यो घरी दिला. घरच्या म्हातारीला काय, चालतंय की."

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ तिच्या आत बघत बसले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. आमच्या ह्या पट्ट्यात माणूस रोज हजार नग तपासतो. खड्डा दिसला की रिजेक्ट, फट दिसली की रिजेक्ट. वर्षानुवर्षांच्या भक्तीनं झिजलेला अंगठा त्याला डिफेक्ट दिसला, यात त्याचा काय दोष? त्यानं देवाला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं होतं.

"काय चुकलं का माझं?" त्यानं विचारलं. आता त्याचा आवाज उतरला होता.

"तुझं नाही," मी म्हणालो.

मालकांची आई चऱ्होलीत राहत होती. गुजराती रीतीनं सगळे त्यांना बा, म्हणजे आई, म्हणत. निगडीचा बंगला पाडून नवी इमारत बांधायला दिला, तोवर मुलानं चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत नवव्या मजल्यावर घर घेतलं होतं. दार मुलानंच उघडलं. चाकणहून फोन गेला असणार, तो पुण्याहून घाईनं परतला होता. मला बघून त्यानं आत बोट केलं.

पूर्वेच्या खोलीत पाटावर मूर्ती होती, आणि समोर खुर्चीत बसून वाकलेल्या एक म्हाताऱ्या बाई. पूजेत श्वास मूर्तीवर पडू नये म्हणून त्यांनी तोंडाला कपडा बांधला होता. त्यांनी मला हातानं बसायची खूण केली. मी बूट बाहेर काढूनच आलो होतो. जमिनीवर बसलो.

अनामिकेवर केशर-चंदन घेऊन त्यांनी बोट पुढं केलं. दिसत कमी असावं, पण बोट चुकलं नाही. अंगठा, गुडघे, मनगटं, खांदे, मस्तक, कपाळ, कंठ, छाती, नाभी. त्या सपाट अंगठ्यावर बोट टेकताना त्यांचे खांदे सैल झाले. दूरच्या गावाहून मुलगी घरी आली की आईचे होतात तसे. मूर्तीचे ओठ किंचित उघडे होते. मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. खरंच ती काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखी वाटत होती.

कपडा सोडून त्या म्हणाल्या, "बोला भाई. चहा घेणार?"

"बा, ही मूर्ती कुठून आली?"

"महाराजसाहेब स्वतः आले," त्या हसल्या. "तीस वर्षं मी रोज त्यांच्याकडे जात होते. गुडघे गेले, इथं राहायला आले, जाणं तुटलं. मुलगा म्हणाला, बा, तुझ्यासाठी तशीच दुसरी करून आणतो. पण पहिल्या दिवशी बोट लावलं आणि मला कळलं. तशी नाही, तीच. मला वाटलं, देरासरातल्या सगळ्यांनी मिळून म्हातारीसाठी एवढं केलं."

मी मुलाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं, साहेब," तो म्हणाला. "अंगठा बघितला. मंडळाला न विचारता, विधी न करता नक्कल ओतली होती, ते सांगायची लाज वाटत होती. म्हटलं, पुढच्या पॉलिशला गुपचूप बदलू. तोवर बाला राहू दे. तिला मी वर्षभर असं हसताना बघितलं नव्हतं. आणि मग पुजारी बोलला."

"आणि तुम्ही मीटिंगमध्ये बसून होतात. ठाण्यात माझ्यासमोर बसून होतात."

त्यानं मान खाली घातली.

बा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "पुजाऱ्याचं काय?"

मी सांगितलं. गुन्हा, काढून घेतलेली किल्ली, रिकामी केलेली खोली, किराणा दुकानातल्या गोण्या. एकही शब्द कमी केला नाही. हे सांगताना मला फार वाईट वाटलं, पण ते माझं काम होतं.

बांनी केशराची वाटी झाकली. मुलाला म्हणाल्या, "माझे गुडघे गेलेत रे. लाज गेलेली नाही. गाडी काढ."

"मीच नेऊन ठेवतो, बा."

"तू हात लावू नकोस. ज्यानं ओळखलं, तो हात लावेल."

कायद्याप्रमाणे मालमत्तेची ओळख पंचांसमोर व्हावी लागते. आरोपींची ओळख परेड मी पुष्कळ केली होती, देवाची पहिल्यांदाच. देरासराच्या सभागृहात पांढऱ्या कापडावर दोन्ही मूर्ती शेजारी शेजारी ठेवल्या. दोन पंच, सगळे विश्वस्त, खुर्चीत बा. चाकणच्या त्या फिनिशिंगवाल्यालाही मी साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तो दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. पुजारी आंघोळ करून, धुतलेल्या धोतरात आला. मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि मूर्तींच्या जागा बदलल्या.

त्यानं पहिल्या मूर्तीच्या मस्तकावर हात ठेवला. कानामागं अंगठा गेला आणि लगेच हात मागं आला.

"काम फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण हे आमचे महाराजसाहेब नाहीत."

दाराशी उभ्या माणसानं नाक ओढल्याचा आवाज आला.

मग पुजाऱ्यानं दुसऱ्या मूर्तीवर हात ठेवले. हात आपोआप चालू लागले. मान, कान, खांदे, गुडघ्याखालचं ते छिद्र. पाणी नव्हतं, दूध नव्हतं, तरी तो आंघोळ घालत होता. अंगठ्यापाशी आला, तिथं कपाळ टेकलं, आणि तसाच राहिला.

हवालदार माझ्या कानाशी आले. "सायेब, पंचनाम्यात काय लिव्हू?"

"लिहा, पुजाऱ्यानं मूर्ती ओळखली."

"आन हे रडणं?"

"ते लिहायला आपल्याकडे रकाना नाही."

बांनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. मुलानं हात दिला. त्या पुजाऱ्यापुढे आल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." जैन लोक वर्षातून एकदा एकमेकांची क्षमा मागताना हे म्हणतात. वर्षातला तो दिवस नव्हता. पाठोपाठ मुलानं म्हटलं, मग अध्यक्षांनी, मग एकेक करून सगळ्यांनी. पुजारी गोंधळून गेला. इतके मोठे लोक आपल्यापुढे हात जोडतात, हे त्याला सोसेना. तो घाईनं म्हणाला, "अहो, प्रक्षालची वेळ टळून गेली. आधी महाराजसाहेबांना आंघोळ घालू द्या, मग काय ते बोला."

प्रकरणात चोरी नव्हतीच. वस्तुस्थितीच्या गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, असा 'क' समरी अहवाल मी पाठवला आणि तो मंजूर झाला. कारखानदारानं विश्वस्तपदाचा राजीनामा दिला, तो मंडळानं घेतला नाही. त्याऐवजी वर्षभर रोज सकाळी देरासर झाडायचं काम त्याच्याकडे दिलं. तो ते करत होता, मी स्वतः बघितलंय. नव्यानं ओतलेली मूर्ती, एका आचार्यांच्या हातून रीतसर विधी होऊन, चऱ्होलीला बांकडे गेली.

निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना भेटायला गेलो होतो. फिनिशिंगवाला तिथं होता. दिवाळीला तो शेतातल्या शेंगा घेऊन येतो म्हणे. बांनी मला जवळ बोलावून नव्या मूर्तीचा अंगठा दाखवला. ब्रेझिंगचा गोलवा एका बाजूनं किंचित चपटा झाला होता.

"बघा," फिनिशिंगवाला म्हणाला, "माझं काम बिघडवायला लागल्यात बा."

"अजून पन्नास वर्षं लागतील," बा म्हणाल्या. "मग तेही बोलतील."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. खुर्चीतला माणूस लांबून बघतो, हात लावणारा जवळून बघतो. एखाद्या वस्तूबद्दल खरं जाणून घ्यायचं असेल तर तिचा मालक कोण आहे हे नंतर विचारा. तिला रोज पुसतो कोण, हे आधी विचारा. माझ्या वडिलांना कुणी कधी काही विचारलं नाही. फाउंड्री बंद पडली तेव्हा त्यांच्या डोक्यात केवढी मापं होती, ती त्यांच्याबरोबर गेली. एक पट्टी तेवढी राहिली, आणि तिनं एका निर्दोष माणसाला सोडवलं.

पंचनाम्याच्या दिवशीच अध्यक्षांनी गाभाऱ्याची किल्ली सगळ्यांसमोर पुजाऱ्याच्या हातात परत दिली. देरासरामागची खोलीही त्याला मिळाली, आणि मंडळानं ठराव करून ती त्याच्या हयातीपर्यंत त्याच्या नावावर केली. रोज सकाळी आंघोळ तोच घालतो.